गुरुवारची किल्ली

यॉर्कशायरमधल्या या गावाचं नावच सेटल.
फोनवर नातेवाईक विचारतात, कुठे असता?
सेटलला.
ते कळलं हो, पण गाव कुठलं?

दर गुरुवारी मी चर्चच्या मनोऱ्यात चढतो.
त्रेसष्ट पायऱ्या, कबुतरांची घाण, जुने दोर,
आणि घड्याळाला किल्ली देतो. एकशे बारा फेरे.
आधी हे काम मेटकाफ करायचा. तो वारला.
भाविकांत कुणाचे गुडघे धड नव्हते,
माझे होते.
पाद्रीणबाईंना आधीच सांगून टाकलं,
मी देव मानत नाही.
घड्याळही मानत नाही, त्या म्हणाल्या,
तेल तेवढं वेळेवर घाला.

चाळिसाव्या पायरीला डोकं तुळईवर आपटतं
आणि तोंडातून निघतं, अरे देवा!
काय करणार, भाषाच माझी देवभोळी.
कंटाळलो की कशात राम वाटत नाही,
भला माणूस भेटला की तो देवमाणूस,
उत्तर येत नसलं की देव जाणे.
आईचा पितळी बाळकृष्ण बहिणीने नेला.
जिभेवरचे कोण नेणार?

मेटकाफची बायको एनिड विचारायची,
वर कोणी बघत नाही म्हणतोस,
मग दानपेटी फोडत का नाहीस?
मी म्हणायचो, बघणारा नसता तर तू फोडली असतीस?
ती डबा पुढे सरकवायची.
आलं घातलेली बिस्किटं.

फेब्रुवारीत ती गेली. आदल्या रात्री
लेक लीड्सहून निघालेली, बर्फात अडकलेली,
खोलीत मी एकटा.
म्हणाली, तुझ्या भाषेतली एखादी प्रार्थना म्हण.
पाठ होत्या, मुंजीपासूनच्या,
पण स्वतः खात नाही ते तिला वाढायचं
जिवावर आलं.
मग मी एकोणतीसचा पाढा म्हटला.
हळू, चालीवर,
वडील दिवेलागणीला घोकून घेत तसा:
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न,
एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी...
दोनशे नव्वदला पोचलो,
तेव्हा डोळे मिटूनच ती म्हणाली, आमेन.

खोटं बोललो का मी?
जन्मभर सांगत आलो, नीट वागायला देव लागत नाही.
लागत नाहीच.
पण चुकल्यावर माफ करायला कोणीतरी लागतं,
आणि जिने पोट धरून हसून केलं असतं
ती आता चर्चमागे, मेटकाफच्या शेजारी.
वरच्या झरोक्यातून जागा दिसते.
मातीने अजून गवत धरलेलं नाही.

घड्याळ आठवड्याला चार मिनिटं मागे पडतं.
मी काटा हाताने पुढे ढकलतो.
खाली चौकात भाजीवाला
आधी मनगटाकडे बघतो, मग वर,
आणि आपलं घड्याळ जुळवून घेतो.