भिंतीकडची बाजू

आत-बाशीचा बाजार रविवारी उजाडायच्या आत भरतो.
गाड्यांच्या दिव्यांत आधी वाफ दिसते,
घोडे मागाहून.
मी जागा धरली विटांच्या भिंतीलगतची,
वारा लागू नये म्हणून, असं शेजारच्याला सांगितलं.
कुमाईत, अकरा वर्षांचा, चाल रवाळ,
एक लाख वीस हजार सोम.
एवढंच बोलायचं,
आणि समोरचा हात आधी कुठे ठेवतो ते बघायचं.

कातडी जाकीटवाल्यानं ठेवला थेट बरगड्यांवर,
बोटं आडवी लावून चरबी मोजली.
लग्न की मयत, मी विचारलं.
"चाळिसावा. दोनशे माणूस जेवेल."
म्हटलं, विकला गेलाय.
"मग उभा कशाला केलास?"
त्याच्या मुठीत नोटा होत्या, मोजलेल्या, रबर लावलेल्या.
खोटं कशाला बोलू,
त्या रबराकडे मी दोनदा बघितलं.

मग एक पोरगा, चाबूक दातांत धरून.
बोकडाच्या धडासाठी मैदानात झुंजायला घोडा हवा होता त्याला.
न विचारता चढला,
उतरताना लगामाला हिसका दिला.
त्याच्या टाचेला केस चिकटले होते, पांढरे.
माझा घोडा तर कुमाईत.
त्याला किंमत सांगितली दीड लाख.

तंबूवाली बाई बरी वाटली.
सोन-कुलच्या काठी परदेशी पाहुण्यांना फिरवते.
नाव विचारलं तिनं, तिनंच पहिल्यांदा.
आम्ही रंगानं हाक मारतो, मी म्हटलं.
"ठेवू मग काहीतरी, पाहुण्यांची जीभ वळेल असं."
दिवसाला किती तास?
"दहा."
आणि हिवाळ्यात?
ती फोनमध्ये बघू लागली.

शेजारचा एसेनकुल मेंढ्या विकून मोकळा झाला होता.
"टपालवाल्या, घोडा विकतोयस
की जावई शोधतोयस?"

दुपार कलताना बुरुल आली. सोळा-सतराची असेल,
मागे धाकटा भाऊ, अंडं सोलत.
तिनं हात कुठेच ठेवला नाही.
खुरं बघितली, शेपटीमागून लांबचा वळसा घेतला
आणि अंग चोरून
घोडा आणि भिंत यांच्या फटीत शिरली.
सकाळपासून तिकडे कोणी गेलं नव्हतं.
मी जाऊ दिलं नव्हतं.

बराच वेळ नुसता घोड्याचा श्वास.
मग पलीकडून:
"उजवा डोळा कधीपासून?"
दोन हिवाळे.
"ही काठी त्यातलीच?"
हो. खिंडीत, टपालाच्या पिशवीसकट.
त्याला कडा दिसली नाही, मला तो दिसत नव्हता,
बर्फ होतं.
कमरेचं हाड गेलं.
"आणि तो?"
तो रात्रभर उभा राहिला, वाऱ्याच्या बाजूला,
माझ्या आणि वाऱ्याच्या मध्ये.

हे बायकोलाही नीट सांगितलेलं नाही.
भिंतीआडून विचारलं, म्हणून सांगून गेलो.

"आणि विकताय," ती म्हणाली.
हा प्रश्न नव्हता, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

डोळ्याचे नऊ हजार तिनं कापले. वाजवी होते.
मग म्हणाली, त्या बाजूनं जाताना काय करता?
मी जिभेनं टाळूवर हलकंसं वाजवून दाखवलं,
दोनदा, मग मानेवर दोन बोटं.
तिला पहिल्यांदा जमलं नाही.
दुसऱ्यांदा त्याचा कान वळला,
तिच्याकडे.

वडील सांगायचे, घोडा द्यावा, दावं देऊ नये.
परतीच्या गाडीत ते मांडीवर होतं, ओलसर,
आणि खिडकीजवळची बाई वासानं जरा सरकून बसली.
पैसे तिसऱ्यांदा मोजताना लक्षात आलं:
सकाळपासून येईल त्याला प्रश्न विचारले,
तिलाच विचारायचं राहिलं,
थंडीत याला बांधणार कुठे,
आणि वारा तुमच्याकडे
कुठल्या बाजूनं येतो.