पुरवणी

सातपूरला, छापखान्याच्या मागच्या खोलीत
बुधवारची पुरवणी मी वाचते.
आठ पानं, गुळगुळीत.
मुख्य अंक दरवर्षी पातळ होतोय, ही जाड.
माझं काम ऱ्हस्व-दीर्घ.
खरं-खोटं बघायला वरच्या मजल्यावर माणसं आहेत,
असं एकोणीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं मला.

पान तीनचा मथळा होता
'पावडरीने मुलांची उंची वाढते?'
प्रश्नचिन्ह जागच्या जागी,
कानातल्या डुलासारखं लोंबत.
खाली 'तज्ञ सांगतात'.
कोण, ते नव्हतं.
मी त्यात अर्धा ज घातला. तज्ज्ञ.
फोटोतल्या मुलाला दुधाच्या मिशा,
गेल्या महिन्यात हाच दंतमंजनाच्या बातमीत हसला होता,
त्याआधी शाळाप्रवेशाच्या.
आणि उजव्या हाताला, पाव पान,
त्याच पावडरीचा डबा.

रात्री साडेदहाला गायधनी जिना उतरून आले.
म्हणाले, मथळा एका ओळीत बसत नाहीये,
बघा जरा.
मी बघितलं.
अक्षराला हात लावला नाही.
काना-मात्रा, सगळं शाबूत ठेवलं.
तरी बसला.

शनिवारी पवननगरला, भुतडा मेडिकलच्या काउंटरवर
पान तीन चिकटवलेलं होतं, कापून, लॅमिनेट करून.
आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी छाया खैरनार
दहा-दहाच्या नोटा मोजत होती. पाचशे नव्वद.
म्हणजे हुक-काजाचे किती ब्लाउज,
हिशेब मी मनात सुरू केला आणि सोडून दिला.
तिची कार्तिकी प्रार्थनेच्या रांगेत
कायम पहिली उभी राहते, म्हणून.

मी म्हटलं, छाया, तू स्वतः किती उंच आहेस गं?
म्हटलं, नागलीची भाकरी दे, अंडं दे, मूठभर शेंगदाणे,
काळजी वाटली तर सिव्हिलला दाखव एकदा.
ती म्हणाली, ताई, ते पेपरात कुठे असतं?
हे आलंय. तुमच्याच.

खरं होतं तिचं.
नागलीसाठी पाव पान कोण घेणार?

डब्यावर छापलं होतं 'पूरक'.
पुरवायचं ते कशाला,
मुळात ताटात काय आहे,
हे डब्यावर नव्हतं, पान तीनवरही नव्हतं.

पर्समध्ये लाल पेन असतंच.
मथळ्याच्या शेवटी मी एक आकडा काढला, खाली टिंब.
प्लॅस्टिकवर शाई धरेना.
भुतडांनी अंगठ्याने पुसून टाकलं,
डाग पडला वाटतं, म्हणाले.

कार्तिकी टाचा उचलून काउंटरवर हनुवटी टेकवून उभी,
नुकतं वाचायला लागलेली.
बोट फिरवत गेली: पा-व-ड-री-ने,
मुलांची उंची
वा-ढ-ते
आणि शेवटी तिचा आवाज वर गेला.
एवढासाच.

भुतडा सुट्टे दहा रुपये शोधत होते.