हजेरी

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले
तर अख्खा वर्ग उभा राहिला.
पोरांना वाटलं, नवीन म्याडम.
मी चालत चालत शेवटच्या बाकापाशी गेले,
पर्स ठेवली, चश्मा पुसला,
तेव्हा एकेक जण खाली बसला
हसू दाबत, बाक करकरवत.

वय चोपन्न. एम. ए. समाजशास्त्र, पहिलं सत्र.
सिंदेवाहीचं कॉलेज, मागे धानाच्या बांध्या.
खिडकीतून रोवणाऱ्या बाया दिसतात.
त्यातली एखादी चिखलाचा हात वर करून ओरडते,
"सिस्टरबाई, तुमी अठी?"
आणि बोरकुटे सरांचा खडू थांबतो.

एकोणतीस वर्षं उपकेंद्रात काढली.
नोट्स घेताना हात अजून रजिस्टरच भरतो :
उभ्या रेघा, अनुक्रमांक, शेवटी शेरा.
आचल म्हणते, "मावशी, लिवता कायले?
ग्रुपवर पीडीएफ टाकते ना मी."
पीडीएफमधली अक्षरं मुंगीएवढी.
बोटांनी ताणली की मोठी होतात
आणि अर्धं वाक्य पडद्याबाहेर जातं.
मग आचलच वाचून दाखवते, भराभरा,
एक डोळा माझ्या डब्यातल्या लाखोळीच्या वड्यांवर.

मंगळवारी सरांनी बालमृत्युदर शिकवला.
फळ्यावर अंश, छेद, गुणिले एक हजार.
सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीही.
सूत्र बरोबर आहे.
फक्त अंशात कोण कोण आहे, ते मला माहीत आहे.
नाल्यापलीकडची एक, पुराच्या रात्रीची.
एक, नाव ठेवायच्या आधीचा.
एकीच्या आईनं झबलं परत आणून दिलं होतं,
धुऊन, घडी घालून.
"नन्नावरे ताई, तुम्ही काही सांगता का अनुभव?"
नाही म्हटलं सरांना.
पाच गुणांचा प्रश्न आहे.
पाच गुणांपुरतंच लिहीन.

माझ्या बाजूला प्रणय वाढई बसतो.
शेवटचा बाक, झोपायला सोयीचा.
एकदा सहज गाव विचारलं. मग आईचं नाव.
मग मी बराच वेळ
पेनाचं टोपण शोधत राहिले.

पायाळू होता. कंदिलाच्या उजेडात आला.
दोन किलो शंभर.
साडेतीन मिनिटं रडला नव्हता.
साडेतीन मिनिटं म्हणजे किती,
हे अजून कुठल्या पुस्तकात सापडलं नाही मला.

त्याला हे सांगितलेलं नाही.
उगाच लाजेल, झोपायचा बाक बदलेल.
फक्त तो डोकं टेकून झोपला
की पाठ वरखाली होते का,
तेवढं एकदा बघून घेते
आणि पुन्हा फळ्याकडे.

सर हजेरी घेतात. त्याचा नंबर आला
की मी कोपर मारते.
"यस सर!" ओरडतो तो, दचकून,
पार बांधीपर्यंत ऐकू जाईल असा.
पोरं हसतात.
मी मान खाली घालून
वहीच्या शेवटच्या रकान्यात
काहीतरी लिहिल्यासारखं करते.