पाणी वजा जाता

शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा.
टायरवाल्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब.
इथे मी कुत्र्यांचं जेवण जाळतो.

साडेपाचशे अंशांवर, चिनीमातीच्या मुशीत, चार तास.
उरते ती राख.
तक्त्यातल्या रकान्याचं नावही तेच: राख.
आईला एकदा फोनवर सांगितलं
तर म्हणाली, तिन्हीसांजेला असलं बोलू नये.

आज टेबलावर दोन पिशव्या, एक डबा.
एक पिशवी साधी, खाकी.
दुसरी सोनेरी, तिच्यावर लांडगा,
बर्फात उभा. बाहेर शेहेचाळीस डिग्री.
किंमत चारशे बारा दिरहम.
रुपये करायचे नाहीत असं ठरवलेलं असतं,
तरी होतातच.

लांडग्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत घटक:
सगळ्यात आधी ताजी कोंबडी.
ताजी, म्हणजे पाण्यासकट तोललेली;
सुकवली की घसरते चौथ्या नंबरावर.
मग वाटाणे. मग वाटाण्याचं पीठ. मग वाटाण्याचा कोंडा.
एकाच घरातल्या तिघांनी सातबारा फोडून घ्यावा,
कुणाचंच नाव मोठं दिसू नये म्हणून,
तसं.
आवतण कोंबडीचं, हातात वाटाण्याच्या अक्षता.

प्रोटीन मोजायचं तर आम्ही प्रोटीन मोजत नाही.
नमुना आम्लात उकळतो, नायट्रोजन धरतो,
सव्वासहाने गुणतो.
नायट्रोजन सांगत नाही तो कुठून आला:
मांसातून, पिसातून, की कुणाच्या खुरातून.
शाजिर म्हणतो, आपल्या व्हिसासारखं,
त्यावर पेशा एक, माणूस दुसराच.

डब्यावर लिहिलंय दहा टक्के, सोनेरीवर बत्तीस.
लोक पिशवी उचलतात.
पण डब्यात अठ्ठ्याहत्तर भाग पाणी, पिशवीत आठ.
दोघांतलं पाणी काढा, मग बसवा समोरासमोर:
डबा पंचेचाळीस,
पिशवी पस्तिशीलाही टेकत नाही.

नऊ वर्षांत एवढं एकच शिकलो,
तुलना करायची तर आधी पाणी वजा करावं.
मेसच्या डाळीवर एकदा करून पाहिलं.
पुन्हा नाही केलं.

हे तिन्ही घेऊन उम्म सुहैल स्वतः आली होती, अल खानहून.
तिचा सलूकी तेरा वर्षांचा, नाव शहाब,
एके काळी सशामागे वाळू उडवणारा,
आता दिवसभर पाण्याच्या भांड्यापाशी पडून.
आज रिपोर्ट उलटसुलट पाहून तिने विचारलं,
यातलं चांगलं कोणतं?
डॉक्टर विसाम नम्रपणे म्हणाले,
मॅडम, आम्ही आकडे देतो.
खरंच होतं. 'चांगलं' असा रकाना
आमच्या तक्त्यात नाही.

कागद पाकिटात घालताना मी
खाकी पिशवीच्या फॉस्फरसखाली
नखाने रेघ ओढली. पाऊण टक्का.
लांडग्याचा जवळजवळ दुप्पट;
थकलेल्या मूत्रपिंडांना एवढी हाडं पेलत नाहीत.
तुमच्या व्हेटला दाखवा, एवढंच म्हणालो.
तिने रेघेवर अंगठा फिरवला,
जणू तिथे काही उठून आलं होतं.

हर्णैला आमचा खंड्या
बांगड्याची मुंडकी खाऊन सोळा वर्षं जगला.
पण हे पुराव्यात धरता येत नाही.
नमुना एकच.

संध्याकाळी उरलेलं रजिस्टरात नोंदवतो:
नमुना रीतसर नष्ट. सही. तारीख.
मग शाजिर आणि मी मागच्या गल्लीत उतरतो,
तिन्ही पुठ्ठ्यावर वेगवेगळं मांडतो,
सवयीने, लेबलं नसली तरी.
गॅरेजखालची पिवळी कुत्री येते, ओटी लोंबणारी.
सोनेरी हुंगते. खाकी हुंगते.
डब्याकडे नुसतं बघते.
आणि आधी जाते
एसीच्या नळीखाली
थेंब थेंब साचलेल्या पाण्यावर.