सातवा फ्लास्क

ल्युब्ल्यानात, तळघरातल्या प्रयोगशाळेत
मिलोय्का साखर मोजते.
भरपेट ग्लुकोज मिळालेले जीवाणू
नुसतेच माजलेत, सायीसारखे पांढरे.
औषधाचा टिपूस नाही.
फॉस्फेट वाढवलं, तरी ढिम्म.

सातव्यात मात्र शुक्रवारी
साखर घालायचीच राहिली.
सोयाबीनचं पीठ होतं, तेही चिमूटभर.

सोमवारी कापसाचं बूच काढलं
तर वडिलांच्या द्राक्षमळ्यातल्या
खणलेल्या मातीचा वास,
आणि पाणी निळंशार.

उपाशीपोटी कुणाशी भांडायला निघालात रे,
ती पुटपुटते.
फ्लास्कात दुसरं कुणीच नाही.

मग वहीत, खाडाखोड न करता, लिहिते:
साखर, शून्य ग्रॅम. चूक माझी.

डबा उघडते. पाव, चीज.
अर्धंच खाते.