इली, इल्ली

मांजराची वाळू मी कुंद्याच्या रिकाम्या डब्यातून नेते.
बसमध्ये मांडीवर धरते.
कंडक्टर म्हणतो, काय अक्का, गोड कुणाला?
मी झाकण दाबून धरते.

हिरेमठ मॅडमना ती वापरलेलीच लागते, न चाळलेली.
चोवीस पांढरे उंदीर, दहा मिनिटं त्या वाळूवर.
मांजर नाही, दात नाही, नख नाही,
नुसता वास.
मग सात दिवस कुणी काही करायचं नाही.
मी फक्त भुसा बदलायचा, पाणी भरायचं.

आठव्या दिवशी उंच पट्टीवर सोडतात.
अठरा चालू लागतात मिश्या हलवत,
शनिवारच्या बाजारात आल्यागत.
सहा कोपऱ्यात. टाळी वाजली की दगड.
मी सेकंद मोजते, मॅडम लिहितात.
सगळ्यांना तीच वाळू, तीच दहा मिनिटं,
मग हेच सहा का?
"अदक्केच की हे सगळं," मॅडम म्हणाल्या.

घाईत असल्या की त्या कानडीत बोलतात.
इली म्हणजे उंदीर. इल्ली म्हणजे इथं.
मला अजून कधी कधी दोन्ही एकच ऐकू येतं.

भरमादादा पलटणीतून आला, त्याला सहा वर्षं झाली.
त्याच्या तुकडीतला एक बँकेच्या दारात उभा असतो,
एकानं येळ्ळूरला पिठाची गिरण घातली.
हसतात, लग्नाकार्याला येतात.
दादा भिंतीला पाठ लावून जेवतो, दाराकडं तोंड.
झोपतो ते मांजर पोटाशी असलं तरच.
तेच मांजर.
त्याच्या घोंगडीला तोच वास
जो मी डब्यातून नेते.

त्याच्याकडं कुठला डबा आला, कुणी उघडला,
मी विचारलं नाही. तो बोलला नाही.

मॅडमना एकदा विचारलं, त्या सहांचं पुढं काय करता?
त्यांनी हातमोजे काढले.
"मेंदू बघतो," म्हणाल्या, आणि चहा सांगितला.

काल गल्लीतून वरात गेली. कुणीतरी बार लावला.
दादाचा हात भाकरीवर थांबला.
मी मोजायला लागले, सवयीनं.
नऊ. दहा. अकरा.
वरात वळली, बँजो लांब गेला.
सव्वीस. सत्तावीस.
मांजरानं त्याच्या ताटातला माशाचा काटा ओढला.
"नीट चाव की गं, घशात अडकंल," तो म्हणाला,
आणि भाकरी मोडली.

सत्तावीस. कुठंच लिहून ठेवलं नाही.
इल्ली, एवढंच म्हणाले, तेही तोंडातल्या तोंडात.

उद्या सोमवार.
डबा घासून पालथा घातलाय.