कच्ची वही

लाखनीच्या पुढे बंद पडलेल्या राइस मिलमध्ये
होमराज बिसेननं ड्रम मांडला, तो पौषातला गुरुवार.
पुण्यात सहा वर्षं दुसऱ्यांची बिअर गाळली त्यानं,
मग कंपनी बुडाली आणि हा परतला
दोन नळ्या, एक बूच, हॉप्सची पाकिटं घेऊन.
आईला सांगितलं, गुरांचं औषध आहे.

मला म्हणाला, तुले झोप नाईच येत ना,
मंग इथं बस. वीसच्या वर जाऊ देऊ नोको.
एवढंच.
तेरवीपासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते,
मी काचेचा असल्यासारखे.
हा पहिला, ज्यानं काम सांगितलं.

थर्मामीटर होता माझ्याजवळ, दवाखान्यातला, गाईम्हशींचा,
पण पस्तिसाच्या खाली त्याला जगच नाही.
दुधराम कापगतेनं पोराच्या मासोळ्यांच्या पेटीतला काढून आणला.
आणि मासोळ्या?
त्या दिवाळीतच गेल्या, म्हणाला,
आणि जीभ चावली.
मी हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा,
तेही मेलेल्या मासोळ्यांवर.

लिहायला वही हवी. घरात एकच सापडली,
पुष्पकलाची कच्ची वही, अंगणवाडीची.
तिच्या अक्षरात पोरांची वजनं:
रुणाली नऊ किलो सहाशे.
वंशिक आठ दोनशे, पुढे लाल टिंब,
टिंबापुढे, 'अंडी. आईशी बोलणे.'
मागे कोरी पानं बरीच होती.

बाराला एकोणीस. दोनला एकोणीस.
पहाटे चारला सतरा, ड्रमवर पोतं ओढलं.
नळीतून बुडबुडा यायचा, एक,
मग इतका वेळ काहीच नाही
की मी श्वास धरून बसायचो,
मग परत एक.
भंडाऱ्याच्या दवाखान्यात, त्या रात्री, मी असाच मोजत होतो.
इथं मात्र मोजता मोजता डोळा लागला
तरी बुडबुडा येतच राहिला.

एकवीस दिवसांनी चौघं जमलो.
यादोराव वलथरेनं लाखोरीचे वडे आणले, कागदात, अजून गरम.
पहिली बाटली उघडली तशी अर्धी त्याच्या मिशीवर.
उरलेली स्टीलच्या पेल्यांत.
आधी मोहाचा वास,
मग ओल्या कोंड्याचा,
आणि उशिरा, घशाच्या पार मागे, कडू.
दुधराम म्हणाला, हे तं मोहाचीच हाय बे,
पुण्याले शिकून आली फक्त.
होमराज रुसला. थोडी आंबली, कबूल,
पण रंग पाहा ना, रंग.
आम्ही पेले दारात नेऊन उन्हात धरले.
स्टीलच्या पेल्यात काय दिसणार.

कडू भाकर याच तिघांनी आणली होती,
नदीवरून परतलो त्या संध्याकाळी.
तेव्हा गिळवली नव्हती मला.
आज कोणी ती आठवण काढली नाही.
धानाचा बोनस कधी पडणार,
नवेगावच्या तलावावर यंदा बदकं कमी का,
होमराजचं लग्न.
मी दोन पेले प्यालो, तिसरा अर्धा, वडे मोजले नाहीत.
आणि मधेच, कशावरून कोण जाणे, बोलून गेलो,
वंशिक आता नऊचा तरी झाला असंल.

कोण वंशिक, कोणी विचारलं नाही.
यादोराव वड्याचा चुरा गोळा करत राहिला.
मग म्हणाला, नवी बाई बराबर घेते का वजनं?
माईत नाई.
सोमवारी पाहून येतो, म्हटलं.

दिवस कलता होमराजनं वही मागितली, चव लिहायला.
दिली नाही. सांग, म्हटलं, मीच लिहितो.
लिही, आंबट.
लिही, चढते, दुधराम ओरडला.
दोन्ही लिहिलं.
लाल पेन तिचाच, शिवणीत अडकलेला,
झटकून झटकून चालला एकदाचा.
पुढे एक टिंब दिलं,
टिंबापुढे, 'लक्ष ठेवणे.'